शेपटासह हत्ती हाकलू पाहणाऱ्या कमलताई

ॲड. कमलताई वानखडे यांना मी प्रथम पाहिले, तेव्हा एक सभागृहभर माणसे त्यांना खाली बसवण्याच्या खटपटीत होती.

नव्वदीचे दशक निम्मे सरले होते. पुण्यात त्या दिवसांत व्याख्यानांना तोटा नव्हता आणि प्रत्येक व्याख्यानात देशाच्या खिडक्या उघडल्या जात होत्या. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला त्या सभेला पिटाळले होते. विषय होता परदेशी भांडवल आणि विजेचा प्रश्न. एका युरोपीय देशाबरोबर आपल्या सरकारने नुकताच गुंतवणूक-संरक्षणाचा करार केला होता. त्या देशातल्या कंपन्या आता इकडे येऊन वीज प्रकल्प उभारणार, भारनियमन इतिहासजमा होणार, असे दिल्लीहून आलेले अर्थतज्ज्ञ सांगत होते. टाळ्या जोरात पडत होत्या. घरोघरी मेणबत्त्या लावून अभ्यास केलेली पिढी समोर बसली होती. टाळ्या न पडतील तर काय?

प्रश्नोत्तरे सुरू झाली. तिसऱ्या रांगेतून कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या, मनगटावर मोठे पुरुषी घड्याळ बांधलेल्या एक बाई उभ्या राहिल्या.

“या करारातून उद्या बाहेर पडायचं झालं तर काय तरतूद आहे? आणि बाहेर पडल्यावरही पुढची पंधरा वर्षं तो जुन्या प्रकल्पांना लागू राहील, असं त्यात एक कलम आहे. ते संरक्षन नेमकं कोणाचं आहे?”

वक्ते प्रसन्न हसले. “बाई, लग्नाच्या मांडवात घटस्फोटाच्या गोष्टी करू नयेत.”

सभागृह खो खो हसले. माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “आधी ‘संरक्षण’ म्हणायला शिका म्हणावं.” त्यावर आणखी हशा पिकला. बाई हसू ओसरेपर्यंत उभ्या राहिल्या. मग तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “मांडवात विचारलं नाही, तर पुढे कोर्टात विचारावं लागतं. आणि ते कोर्ट आपलं नसणार.”

अध्यक्षांनी घंटी वाजवली. वेळ संपली, असे जाहीर झाले. वेळ मुळीच संपली नव्हती. बटाटेवडे आणि चहा चांगला तासभर चालला.

मी वडा सोडून बाहेर पडलो आणि त्यांना बसथांब्यावर गाठले. “तुम्ही ते कलम खरंच वाचलंय?”

“तुम्ही नाही वाचलं? कायद्याचे विद्यार्थी ना तुम्ही?”

“तो करार मिळतो कुठे?”

“मागितला की मिळतो. कोणी मागत नाही.”

बस आली आणि त्या चढून निघूनही गेल्या. पुढच्या रविवारी मी पत्ता शोधत विश्रांतवाडीला त्यांच्या घरी पोहोचलो. तेव्हापासून तिथेच आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्या सभेत घंटी वाजवणारे अध्यक्ष आज ताईंच्या अमृतमहोत्सवी गौरव समितीचे सन्माननीय सदस्य आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी मला लेख मागण्यात आला, तेव्हा लेख हृद्य असावा आणि जुने वाद त्यात आणू नयेत, अशी प्रेमळ सूचना समितीने केली. मी ताईंना विचारले. त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, “हृद्य म्हणजे हृदयातलंच ना रे? मग जे असेल ते लिही. गोड लिहायला बाकीचे आहेत.”

म्हणून हा लेख असा आहे. ज्यांना गोडाची सवय आहे, त्यांनी पुढचा लेख वाचावा.

कमलताई अमरावती जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या. वडील टपाल खात्यात. विद्युत अभियांत्रिकीच्या वर्गात मुली दोनच आणि त्यातल्या दुसरीने लग्न ठरताच शिक्षण सोडले. वीज मंडळात अभियंता म्हणून त्या पुण्याला आल्या. एका उपकेंद्रावर नवे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवले गेले, तेव्हा चाचणी झाल्याच्या कागदावर सही करा, असे वरिष्ठांनी त्यांना सांगितले. चाचणी झालेली नव्हती. “मी जे पाहिलेलं नाही, त्याखाली माझी सही येणार नाही,” एवढेच त्या बोलल्या. बक्षीस म्हणून त्यांची बदली झाली. जिथे बदली झाली तिथे संध्याकाळी करण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्यांनी कायद्याची पुस्तके मागवली. हे त्या आजही हसत सांगतात. मला हसू येत नाही. एका उत्तम अभियंत्याला आपल्या व्यवस्थेने कामावरून हुसकावले. ती वकील झाली, हे व्यवस्थेचे नशीब.

चाळिशीत नोकरी सोडून त्या वकिली करू लागल्या. मुख्यतः वीजग्राहकांचे आणि प्रकल्पग्रस्तांचे खटले. आम्हा कनिष्ठांना एकच शिस्त होती, की न वाचलेल्या गोष्टीवर बोलायचे नाही. एकदा चर्चेत मी म्हणालो, “सगळे असंच म्हणतात.” ताईंनी टेलिफोन माझ्यापुढे सरकवला. “सगळे म्हणजे कोण? नंबर सांगा, विचारून घेऊ.” त्या दिवसानंतर ‘सगळे’ हा शब्द माझ्या युक्तिवादात आलेला नाही.

कराराविषयी लोकांशी बोलायला त्यांनी सुरुवात केली ती कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात. श्रोते निवृत्त शिक्षक, कारकून आणि बँकवाले. बऱ्याच जणांची मुले तेव्हा संगणकाच्या कंपन्यांत लागली होती, काहींची परदेशी पोहोचली होती. करारमदारांबद्दल कोणाच्या मनात अढी असण्याचे कारण नव्हते. एक निवृत्त बँक मॅनेजर उठून म्हणाले, “ताई, करार म्हणजे दोन्हीकडून बंधन. तेही आपल्याला खेचतील, आपणही त्यांना खेचू.”

“नाही ना,” ताई म्हणाल्या. “कंपनी सरकारला खेचू शकते. सरकार कंपनीला खेचू शकत नाही. आणि ज्या गावात प्रकल्प आहे, त्या गावाला दारातही उभं राहता येत नाही.”

“मग न्यायाधीश कोण?”

“तिघे वकील. आज लवाद म्हणून बसतात, उद्या दुसऱ्या प्रकरणात एखाद्या कंपनीचे वकील म्हणून उभे राहतात. सुनावणी बंद खोलीत. वर अपील नाही.”

मॅनेजर खाली बसता बसता थांबले. “असं असेल तर त्यावर सही कोण करेल?”

“ज्यानं वाचलं नाही तो.”

हा कराराचा नमुना मुळात आपला नव्हताच. वसाहती हातातून सुटल्यावर तिथल्या आपल्या कंपन्यांची मालमत्ता कशी राखायची, या चिंतेतून परक्या देशांनी तो कधी काळी बेतला होता. आपण तो जसाच्या तसा उचलला. नदी, हवा, आरोग्य हे शब्द त्यात औषधालाही नव्हते. असल्या जुन्या कपाटातल्या कराराला ‘आधुनिक’ म्हणणारी मंडळी ताईंना ‘कालबाह्य’ म्हणत. त्यांचा एक जुना विद्यार्थी हिंजवडीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला होता. दिवाळीला भेटायला आला आणि म्हणाला, “ताई, रिअली, तुम्ही अजून एटीजमध्ये अडकलाय.” ताईंनी त्याच्यापुढे चिवडा ठेवला. “मी नाही रे, करार अडकलाय. तू घे, चिवडा ताजा आहे.”

मग तसा एक प्रकल्प उभा राहिला. त्याच युरोपीय देशातल्या एका कंपनीचा. नाव मी घेत नाही, कारण त्यांचे वकील आजही कामाला आहेत. जागा विदर्भात, ताईंच्या थोरल्या बहिणीच्या, शांताबाईंच्या सासरच्या गावाला लागून. कोळशावरचा प्रकल्प, म्हणजे राख आलीच. ती पाण्यात कालवून एका मोठ्या तलावात साठवायची, असा शिरस्ता. तलावाचा बांध पहिल्यापासून पाझरत होता. काही वर्षांत राखेचे पाणी ओढ्यात उतरले, मग विहिरींत. उन्हाळ्यात तलावाच्या कडा वाळत आणि वाऱ्याबरोबर राख उडून घरांत येई. शांताबाई विधवा होत्या, घर मोठे होते आणि त्या ते दिवसातून तीनदा झाडत. त्यांना खोकला लागला. पुढे धाप लागू लागली. ताई त्यांना विश्रांतवाडीला घेऊन आल्या.

मी त्यांना तिथेच ओळखू लागलो. ताईंच्या खोलीत आम्ही कलमांचा कीस पाडत असू आणि त्या शेजारच्या खोलीतून ऐकत. एकदा दारात येऊन म्हणाल्या, “कमल, तुह्या त्या कराराचं मले काही समजत नाही व. पन राख कोनाच्या घरात पडली, हे तं त्याले समजते का?”

ताई माझ्याकडे वळल्या. “लिहून घ्या. आपल्या अर्जाचं पहिलं वाक्य हेच.”

गावाने तक्रारी केल्या, ताईंनी त्या चालवल्या. प्रदूषणाचे पाहणारे सरकारी कार्यालय अखेर हलले. बांध दुरुस्त होईपर्यंत तलावात राख टाकायची नाही, असा आदेश निघाला. गावात फटाके वाजले. शांताबाईंनी मला हाताला धरून बसवले आणि स्वतः शिरा केला. धापा टाकत केला.

तो आदेश टिकला नाही. कोणी तो न्यायालयात हरवला म्हणून नव्हे. कंपनीच्या परदेशी वकिलांनी दिल्लीला नोटीस धाडली, की तुमच्या एका राज्याने आमच्या अपेक्षित नफ्याला बाधा आणली आहे, कराराप्रमाणे लवादापुढे भेटू. लवाद नेमला गेला नव्हता, एक ओळ युक्तिवाद झाला नव्हता. दिल्लीने मुंबईला कळवले आणि मुंबईने आदेश ‘पुनर्विचारार्थ स्थगित’ केला. पुनर्विचार कधीच झाला नाही. राख पुन्हा पडू लागली.

बातमी फोनवर आली तेव्हा मी तिथेच होतो. ताईंनी फोन ठेवला आणि समोरची फाईल बंद केली. मग म्हणाल्या, “हरलो असतो, तर वाचायला निकाल तरी मिळाला असता.”

एक गाव हरले आणि ते कुठे हरले, कोणापुढे हरले, हे सांगायला एक कागदही नाही. ज्यांनी कोणी ती स्थगिती दिली, त्यांच्यातल्या एकालाही त्या गावाचे पाणी प्यावे लागले नाही.

त्यानंतरची बरीच वर्षे ताईंनी एका कामाला वाहिली. हा करार सुधारा, आणि समोरचा देश सुधारू देत नसेल तर त्यातून बाहेर पडा. मात्र बाहेर पडण्याआधी ते पंधरा वर्षांचे कलम दोन्ही देशांनी मिळून रद्द करा. नाहीतर हत्ती जाईल आणि शेपूट दारात अडकून राहील, असे त्या प्रत्येक सभेत सांगत. म्हणीने लोकांना कळे. कायदेशीर भाषेत सांगितले की जांभया येत.

त्यांच्याबरोबर मी दिल्लीला गेलो होतो. संबंधित खात्यातले अधिकारी मराठीच निघाले. त्यांनी आस्थेने चौकशी केली, पुण्यात आता वाहतूक फारच वाढली म्हणाले. मग मुद्द्यावर आले. “ताई, तुमचं चूक नाही. पण आता कराराला हात लावला, तर बाहेर चुकीचा संदेश जाईल.”

“आणि आदेश मागे घेतला, तेव्हा गावात कोणता संदेश गेला?”

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. “गाव काही गुंतवणूक करत नाही ना, ताई.”

ताई उठल्या. आम्ही बाहेर आलो. मी त्यांना इतके संतापलेले तोवर पाहिले नव्हते. “बघा, किती सहज बोलला,” त्या म्हणाल्या. “वाईट माणूस नाही तो. म्हणून जास्त राग येतो.”

शिव्या एकाच बाजूने आल्या असत्या तर सोसल्या असत्या. ज्यांना करार हवा होता त्यांनी त्यांना विकासाच्या शत्रू ठरवले. ज्यांना करार नको होता, त्यांना उद्याच्या उद्या बाहेर पडायचे होते. “आधी शेपूट तोडा, मग बाहेर पडा” असे म्हणणाऱ्या ताईंना त्यांच्याच मित्रांनी भर सभेत ‘कंपनीच्या वकीलबाई’ म्हटले. तेही या शहरात, आणि टाळ्यांच्या गजरात. म्हणणारे गृहस्थ याच ग्रंथात ताईंच्या द्रष्टेपणावर लिहिणार आहेत असे कळते. लिहोत बापडे. द्रष्टेपण उशिरा दिसले तरी दिसल्याशी कारण.

याच काळातली एक गोष्ट सांगायला हवी. नाहीतर वाचकांचा समज होईल, की कमलताई म्हणजे केवळ कलमे आणि संताप.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. वडील नारायण पेठेत वाढलेले, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले. मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या विधी विभागातली नोकरी नाकारून ताईंकडे राहिलो, याचा त्यांना विलक्षण राग होता. माझ्यादेखत ते ताईंचा उल्लेख ‘तुझ्या त्या पानी-बाई’ असा करीत. आता त्यांची वाचा गेली होती. शब्द समजत, पण तोंडातून निघत नसत. उपचार चालू होते, पण वडिलांनी मनाने सोडून दिले होते. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

ताई रोज दुपारी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून येऊ लागल्या. हातात वर्तमानपत्र. वडिलांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचत. वाचताना त्यांच्या बोलण्यातले ‘न’ आणि ‘ण’ नेहमीपेक्षा फारच घसरू लागले, हे माझ्या लक्षात आले. “धरनातलं पानी... शिक्षनमंत्री... पुन्यातले नागरिक...” वडिलांच्या कपाळाला आठ्या पडत. मान हलू लागली. आठवड्यागणिक आठ्या वाढत गेल्या. मला ओशाळल्यासारखे झाले. स्वयंपाकघरात मी हळूच म्हणालो, “ताई, तुम्ही इतकं अशुद्ध कधी बोलत नाही.”

“गप रे,” त्या म्हणाल्या. “अजून जरा चिडू दे.”

आणि एका दुपारी कात्रजच्या बातमीत त्यांनी तिसऱ्यांदा ‘पानी’ म्हटले, तेव्हा वडिलांनी वाकड्या तोंडाने, सगळा जीव एकवटून, हुंकारत म्हटले, “पा...णी!”

ताईंनी वर्तमानपत्र खाली ठेवले. “काय म्हणालात, गुरुजी?”

“पाणी! णी!”

आई देवघरातून धावत आली. ताई तिला म्हणाल्या, “आता बोलतील ते. माझ्या चुका संपायच्या नाहीत.” वडील पुढे पुष्कळ बोलू लागले. बोलू लागल्यावर त्यांनी ताईंना पहिले पूर्ण वाक्य ऐकवले ते असे: “बाई, तुम्ही मुद्दाम करत होतात.” ताई म्हणाल्या, “अर्धं मुद्दाम, अर्धं माहेरचं.” मरेपर्यंत वडिलांनी पुन्हा कोणाच्या उच्चाराला नावे ठेवली नाहीत. निदान मी ऐकली नाहीत.

मागच्या रांगेतून हसणाऱ्या त्या सभ्य शहराने ताईंच्या ज्या ‘न’ची टिंगल केली, तो त्यांनी आमच्या घरी असा खर्ची घातला. मला आजही ठरवता येत नाही, की या आठवणीने डोळे भरून यावेत की त्या मागच्या रांगेतल्या गृहस्थाला शोधून काढावे.

शांताबाई एका फेब्रुवारीत गेल्या. डॉक्टरांनी कागदावर ‘श्वसनविकार’ असे लिहिले. ते बरोबरच होते. विकार कुठून आला हे लिहायला त्या कागदावर रकाना नसतो. त्या गेल्या तेव्हा करार जिवंत होता आणि तलावात राख पडत होती. ताईंनी बहिणीचे दिवस केले, तेराव्यानंतर कार्यालय उघडले आणि माझ्याकडे न बघता विचारले, “पुढची तारीख कधी आहे?”

त्यानंतर काही महिन्यांत सरकारने जाहीर केले, की आपण या जुन्या करारातून बाहेर पडत आहोत. दूरचित्रवाणीवर सार्वभौमत्वाच्या गर्जना झाल्या. संध्याकाळी ताईंच्या घरी गर्दी झाली. वार्ताहर आले, जुने सहकारी आले, त्यांना ‘कंपनीच्या वकीलबाई’ म्हणणारेही आले. कोणीतरी पेढ्यांचे खोके उघडून ताईंच्या तोंडापुढे पेढा धरला.

ताईंनी तो हात बाजूला केला. “शेपूट तोडलंय का?”

पेढा धरणारा हात खाली आला.

“पंधरा वर्षांचं कलम रद्द केलंय का? दोन्ही देशांच्या सह्यांनी? नाही ना? मग पेढे कशाचे? नवीन कंपनीला दार बंद झालं. जी आत बसली आहे, तिला तुम्ही पंधरा वर्षांची हमी देऊन बाहेरून कडी घातलीत.”

एक वार्ताहर म्हणाला, “पण ताई, आजच्या दिवशी तरी सकारात्मक...”

“आजच्या दिवशी माझी बहीण नाही,” ताई म्हणाल्या. पेढ्यांचे खोके बंद झाले.

त्या बरोबर होत्या हे कळायला फार वेळ लागला नाही. प्रदूषणाच्या त्याच सरकारी कार्यालयात निवृत्तीला आलेले एक अधिकारी नेमले गेले. त्यांनी तलाव स्वतः जाऊन पाहिला आणि पहिल्यापेक्षा कडक आदेश काढला: तलाव बंद करा, राख उपसून न्या. प्रकल्प तोवर त्याच युरोपीय देशातल्या एका गुंतवणूक निधीने विकत घेतला होता. त्यांच्या वकिलांनी त्याच मेलेल्या कराराच्या जिवंत कलमाचा आधार घेऊन दिल्लीवर दावा लावला. आणि मुंबईत पुन्हा तेच सुरू झाले. आदेश मागे घेण्याची टिपणे फिरू लागली.

ताई मला घेऊन मंत्रालयात गेल्या. त्या वेळी त्यांना काठी लागत होती. सचिव त्यांना ओळखत होते. हसून म्हणाले, “ताई, शेपटाची भीती तुम्हीच आम्हाला शिकवलीत. आता त्याच भीतीनं आदेश मागे घेतो म्हटलं, तर तुम्हीच भांडायला येता.”

वीस वर्षे ज्या बाईने घसा कोरडा करून सावध केले, तिचाच इशारा तिच्या बहिणीच्या गावावर उलटवायला याला लाज वाटत नव्हती. उलट आपण काहीतरी चतुर बोललो, असा भाव होता.

ताई म्हणाल्या, “घरात साप आहे असं सांगितलं, तर काठी आणायची असते साहेब. घर सापाच्या नावावर करायचं नसतं.”

तिथून त्या थेट उच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी अगदी साधी होती. गावाचे म्हणणे ऐकल्याशिवाय, केवळ परदेशी दाव्याच्या धाकाने, लोकांच्या आरोग्यासाठी काढलेला आदेश सरकारला मागे घेता येणार नाही, असे न्यायालयाने सांगावे. सरकारी वकिलांनी ‘देशाचे व्यापक हित’ हे शब्द वारंवार वापरले. ताईंनी एकदा विचारले, “या देशात ते गाव धरलंय ना?” न्यायमूर्ती किंचित हसले, पण त्यांनी प्रश्न नोंदवून घेतला. आदेश मागे घेण्याला मनाई झाली. ती टिकली.

तलाव बंद आहे. राख उपसली जाते आहे, फार सावकाश, पण जाते आहे. गेल्या वर्षी मी ताईंना तिकडे घेऊन गेलो. शांताबाईंच्या बंद घराच्या ओसरीवर शेजारची मुलगी अभ्यास करीत बसली होती. ताईंनी ओसरीच्या फरशीवरून बोट फिरवले, बोट पाहिले आणि पदराला पुसले. परत येताना गाडीत मात्र त्या रडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तेव्हा एकदाच रडताना पाहिले.

परदेशातला दावा अजून चालू आहे. गावाची बाजू मांडू द्या, असा अर्ज ताईंनी लवादाकडे केला होता. उत्तर एका वाक्याचे आले: आपण या वादातील पक्ष नाही. जिच्या बहिणीच्या फुप्फुसात तो वाद साठला होता, ती या वादातील पक्ष नाही! आपण बाहेर पडलो आहोत म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी हे वाक्य आपल्या दिवाणखान्यात टांगून ठेवावे.

आणि आता आपण सर्व मिळून ताईंना शाल देणार आहोत. श्रीफळ देणार आहोत. भाषणे होतील. मला त्या समारंभाचा राग येतो, हे मी लपवत नाही. ज्या शहराने त्यांना प्रश्न विचारताना हसून घेतले, ते आता त्यांची पंचाहत्तरी साजरी करून हिशेब मिटवू पाहते आहे. शाल अवश्य द्या. पण दिल्लीत आज नव्या करारांचे मसुदे पुन्हा लिहिले जात आहेत, याची किती जणांना कल्पना आहे? त्यातला एक तरी मसुदा कोणी मागवला आहे का? ताईंनी मागवला आहे. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्याने त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रोज सकाळी त्या आमच्याकडून तो वाचून घेतात आणि प्रत्येक परिच्छेदाला, “थांब, पुन्हा वाच,” म्हणतात. डॉक्टरांनी त्यांना विश्रांती सांगितली आहे, रक्तदाब वाढेल असे काही करू नका, असे बजावले आहे. ताईंनी डॉक्टरांना विचारले, “मग वर्तमानपत्र बंद करू का?”

अमृतमहोत्सवी व्यक्तीला शांत, समाधानी, कृतार्थ आयुष्य चिंतावे, असा प्रघात आहे. मला ते जमणार नाही. ताई, आपल्याला शंभर वर्षांचे आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, दृष्टी लवकर स्वच्छ होवो, रक्तदाब डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे वागो. आपल्या हातची आंबट-गोड वरणफळे आम्हाला अजून पुष्कळ वर्षे मिळोत. आणि न वाचता सह्या करणाऱ्या माणसांना आपण एक दिवसही सुखाने झोपू देऊ नये, हीच या आपल्या विद्यार्थ्याची प्रार्थना.